अर्ध्यावरची शीळ

ब्लँचर्ड म्हाताऱ्याची लेक दारात पिंजरा ठेवून म्हणाली,
फक्त दोन आठवडे.
त्याला आता एकोणीस महिने झाले.

कॉकटील. म्हणजे काकाकुव्याचा धाकटा चुलतभाऊ,
राखाडी कोट, पिवळं डोकं,
गालावर शेंदरी ठिपका,
चित्र संपवून कुणी ब्रश तिथंच पुसल्यासारखा.
नाव नॉर्मन.

बोलतो का गं? आत्या फोनवर विचारते.
नाही बोलत.
महिनाभर मी मिठू मिठू घोकलं,
तो मान तिरकी करून ऐकत राहिला
मागच्या बाकावरच्या पोरासारखा,
आणि एका दुपारी मायक्रोवेव्ह शिकला.
आता पिंजऱ्यात दिवसातून दहादा भात गरम होतो.

म्हणायचं असतं ते तो तुऱ्यानं म्हणतो.
ताठ उभा : दारात पोस्टमन आहे, किंवा मी नवी शाल घेतली आहे.
जरासा मागे कललेला : ठीक आहे, चालू द्या.
डोक्याला चापून बसवलेला : हात आणाल तर बोट जाईल.
माझ्या वॉर्डातल्या माणसांना असे तुरे असते
तर रात्रपाळीत निम्मे प्रश्न विचारावेच लागले नसते.

घराची पिठाची गिरणी झालीय.
टीव्हीवर, चष्म्यावर, काळ्या पँटवर
त्याच्या पिसांची पांढरी पूड.
नॉनस्टिक तवा केव्हाच कचऱ्यात गेला,
त्याचा धूर एवढ्याशा छातीला पुरतो म्हणे.
लेस्टरहून बिडाचा आणला, दोन गाड्या बदलून, मांडीवर घेऊन
ग्रिम्स्बीपर्यंत.
नव्वद ग्रॅमच्या जिवासाठी साडेतीन किलो.

रात्री सगळे दिवे मालवायचे नाहीत.
गडद अंधारात तो कशानंही दचकतो,
गजांवर पंख आपटत राहतो,
सकाळी तळाशी पिसं, एखादा रक्ताचा थेंब.
म्हणून जिन्यातला दिवा चालू.
इथल्या पहिल्या हिवाळ्यात मीही तो चालूच ठेवायचे.
तेव्हा कारण सांगायला पक्षी नव्हता.

शीळ मात्र म्हाताऱ्याची.
चार सूर चढते, दोन उतरते, पुन्हा एक वर,
आणि कट.
कुणी तोंडावर हात ठेवावा तशी.
किटली भरताना, मोजे वाळत घालताना
मी तिला शेवट जोडून पाहिले,
एक भैरवीकडे झुकणारा, एक नुसताच आनंदी.
दोन्ही वेळा तुरा चापून बसला.
नापास.

मार्चात पिंजरा घेऊन क्लीथॉर्प्सच्या वृद्धाश्रमात गेले.
डेस्मंड ब्लँचर्ड, तीस वर्षं ट्रॉलरवर, उत्तरेच्या पाण्यात,
आता लेकीला सिस्टर म्हणतात
आणि खिडकीतून ओहोटी बघत बसतात,
पार आभाळाला टेकलेली.
नॉर्मननं शीळ घातली.
म्हाताऱ्यानं ओठांचा चंबू केला, तीच घातली,
आणि तिथंच, त्याच सुरावर, ओठ मिटले.

पुढचं? मी विचारलं.
डेकवर शीळ घालू नये, पोरी,
अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले,
वारा येतो.

आमच्याकडे साप येतो, मी म्हटलं. रात्री घातली तर.
त्यांनी मान डोलावली,
जाणकारानं जाणकारापुढे डोलवावी तशी.
मग चहा आला, बिस्किट आलं,
आणि मी कोण ते पुन्हा त्यांच्या हातून निसटलं.

परतीच्या बसमध्ये पिंजऱ्यावर टॉवेल.
मी मोजत होते, किती सकाळी
किनाऱ्यावरच्या पक्क्या स्वयंपाकघरात, कोरड्या मोज्यांत,
या माणसाला मधेच बोट आठवली असेल.
आणि पाखरानं ती आठवणसुद्धा चालीत धरली.

आता मी शेवट जोडत नाही.
परवा किटली भरताना माझ्याही ओठांवर आली,
चार सूर, दोन, एक,
आणि थांबली.
नॉर्मननं तुरा जरासा मागे कलवला.
मग भात गरम केला.